बडोद्याहून आजी आणि दोन पोरांना घेऊन समुद्राजवळच्या जंगलात चालायला कुठे जावं?

सलाटवाड्याची_सून

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, पण नीट सांगितलं तर उत्तरही नीट मिळेल म्हणून. आम्ही घरात पाच जण. सासूबाई ६८ च्या, रोज सकाळी कमाटीबागेत फिरतात त्यामुळे चालायची सवय आहे पण उतार आणि उंच पायऱ्या आल्या की गुडघा दुखतो. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ चा. पावागढ रोपवेने झालं, जांबुघोडा तर पोरांना पाठ आहे, आणि आता मुलीच्या शाळेत समुद्राचा धडा झाल्यापासून तिचं एकच चाललंय की जंगल आणि समुद्र एकाच ठिकाणी असतं का, आणि असेल तर तिथे चालायला जायचं. मला ट्रेक नकोय, सकाळी निघून दीड-दोन तास सावलीतून चालता येईल, पोरांना काहीतरी दिसेल आणि सासूबाईंना मधे बसता येईल एवढंच हवंय. रिसॉर्टमध्ये पडून राहायचं नाहीये.

कुणी जामनगरचं मरीन नॅशनल पार्क सांगतं, कुणी बोरिवली, कुणी कोकणात मुरुडजवळचं फणसाड. भाऊबीज झाली की लगेच निघावं असा विचार आहे कारण दिवाळी वेकेशन असतं. गाडी न्यावी का ट्रेनने जावं तेही सांगा. ज्यांनी लहान मुलं आणि घरातलं मोठं माणूस बरोबर नेलंय त्यांनी आवर्जून लिहा प्लीज.

भटका_बडोदेकर

ताई, जामनगरपासून सुरू करतो कारण ते मला फार जवळचं आहे. भारतातलं पहिलं मरीन नॅशनल पार्क ते, १९८० मध्ये अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये नॅशनल पार्क, कच्छच्या आखातात ४२ बेटं. जगात बहुतेक ठिकाणी प्रवाळ बघायचं तर पाण्यात बुडी मारावी लागते पण इथे नराराला ओहोटीच्या वेळी समुद्र इतका मागे जातो की तुम्ही चालत चालत जाऊन डबक्यांमध्ये बघायचं. ऑक्टोपस, फुगून गोल होणारा पफर फिश, खेकडे, समुद्रफूल, सगळं पायाशी. तुमच्या मुलीला वेड लागेल.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही. तिथे झाडी म्हणजे किनाऱ्याची तिवरं, सावली शून्य, आणि चालणं सगळं ओल्या ओबडधोबड खडकावरून, घोट्यापर्यंत पाण्यातून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी तिथे नेणार नाही, ५ वर्षांच्या पोराचा हात पूर्ण वेळ धरून ठेवावा लागेल. मुलगी अजून दोनेक वर्षांनी मोठी झाली की तिला आणि तिच्या बाबांना पाठवा, जुने बूट घालून, आणि गाइडबरोबरच. सँडल नको, प्रवाळ धारदार असतं.

आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, तिथे पोरांना भरती-ओहोटी म्हणजे काय ते एका दिवसात दाखवता येतं. जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे, भरतीला अख्खं देऊळ पाण्याखाली जातं आणि ओहोटीला परत उघडं पडतं. सकाळी निघून संध्याकाळी घरी. मोठ्या ट्रिपच्या आधी हे करून या, मुलीला मग कोकणात गेल्यावर पाणी कुठे गेलं ते समजावत बसावं लागणार नाही. फक्त तिथल्या चिखलात उतरायचं नाही, कितीही सपाट दिसला तरी. या आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी सहा तासांत चढतं, आणि ते चालणाऱ्या माणसापेक्षा वेगाने येतं. देवळाची वेळ तिथल्या माणसांना विचारूनच आत जा.

मुरुडची_लेक

फणसाड! मी लग्न होऊन बडोद्याला आले, माहेर मुरुडचं, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ना, सावली, पोरांना काहीतरी दिसणं, आजींना मधे टेकायला जागा, ते फणसाडच आहे.

फणसाड म्हणजे जंजिरा संस्थानच्या नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल. नवाबाच्या शिकारीसाठी म्हणून कुणाला कुऱ्हाड लावू दिली नाही आणि त्यामुळेच अलिबागपासून मुरुडपर्यंत आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी हे जंगल राहिलं. १९८६ ला अभयारण्य झालं. आत ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, साग, आणि गारंबीचे वेल. हे वेल मांडीएवढे जाड असतात आणि त्यांची शेंग तुमच्या ५ वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढी होऊ शकते, खोटं वाटेल पण झाडावर लटकलेली बघितली की पोरं तिथून हलत नाहीत. खाली पडलेलं बी हातात घेऊन बघू द्या, पण घरी आणायचं नाही, अभयारण्यातलं काहीच आणायचं नसतं.

सुपेगावला गेट आहे, काशीद किंवा मुरुडला राहिलात तर गाडीने सहज जाता येतं. तिथे नोंद करायची, तिकीट काढायचं आणि गावातला गाइड घ्यायचा. गाइड घ्याच, पैसे वाचवायला जाऊ नका, कारण शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, तुम्हाला एकट्याने दिसणार नाही. तो वर उंच फांद्यांवर असतो, आधी आवाज येतो, मग तपकिरी शेपूट हलताना दिसते, आणि मग या झाडावरून त्या झाडावर सरळ उडी. गाइडला त्याची घरटी माहीत असतात, एकेका शेकरूची दोन-चार घरटी असतात, पानांचे मोठे गोळेच. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती शोधेल.

चालायची वाट म्हणजे जंगलातला मातीचा रस्ता, बऱ्यापैकी सपाट, जिकडे पाणवठे आहेत तिकडे जाणारा. आमच्याकडे पाणवठ्याला गण म्हणतात. जवळच्या गणापर्यंत जायचं, तिथे अर्धा तास अजिबात आवाज न करता बसायचं, काय येतंय ते बघायचं आणि परत यायचं. पक्षी तर येतातच. सासूबाई दमल्या तर अर्ध्यातून फिरता येतं, कुठे गोल फेरी पूर्ण करायची सक्ती नाही. मला वाटतं घरच्यांबरोबर चालताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, किती किलोमीटर ते नाही, कुठूनही मागे फिरता येतं का ते बघायचं.

एक खरं सांगते म्हणजे मुलगी नाराज होणार नाही, जंगलात चालताना सतत समुद्र दिसेल असं समजू नका, झाडी दाट आहे. सकाळी जंगल आणि संध्याकाळी किनारा असं ते एकत्र येतं. मधे दुपारी जेवून झोपायचं.

दांडियाबाजारचे_काका

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. मी तिसरी बाजू मांडतो, दिवस कमी असतील तर. बोरिवलीला आपल्या बडोद्याच्या बहुतेक गाड्या थांबतात आणि संजय गांधी उद्यान स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. साधारण १०४ चौरस किलोमीटर जंगल, आत तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून तिकीट काढा. लेण्यांना पायऱ्या आहेत, खडकात कोरलेल्या, त्यामुळे वहिनींच्या सासूबाईंनी खालची मोठी चैत्य लेणी बघून झाडाखाली बसावं आणि बाकीच्यांनी वर जाऊन पाण्याची टाकी बघून यावीत. त्या काळच्या माणसांनी पावसाचं पाणी कातळात कसं साठवलं ते पोरांना जरूर दाखवा, हे बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

समुद्राची बाजू हवी तर त्याच उद्यानाचा नागला म्हणून भाग आहे, घोडबंदर रोडच्या पलीकडे, तिथून जंगलातून वसईची खाडी दिसते. परवानगी आधी घ्यावी लागते, उद्यानाच्या ऑफिसात विचारा. आणि ऐरोलीला कांदळवनाचं केंद्र आहे, तिवरांमधून लाकडी पुलासारखी वाट केलीय, कठडा आहे, सपाट आहे, आजींसाठी याहून सोपी वाट नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य तिथूनच दिसतं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. पण फ्लेमिंगो हिवाळ्यात उशिरा आणि उन्हाळ्यात भरपूर असतात, दिवाळीत त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

तरी चार दिवस हातात असतील तर मीही फणसाडच म्हणेन. मुंबईच्या जंगलात रविवारी फार माणसं असतात, शांत बसायला मिळत नाही.

सलाटवाड्याची_सून

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच थँक यू. फणसाड नक्की करतेय. कावी-कंबोई पण आधी करून येतो, ते तर मला सुचलंच नव्हतं. आता पुढचे प्रश्न. भाऊबीजेनंतर गेलो तर गर्दी किती असेल? बिबट्या आहे असं वाचलं, सासूबाईंनी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्यांचं मन मागेपुढे होतंय. आणि समुद्राजवळ अजून एखादं छोटं चालणं आहे का, तासाभराचं?

मुरुडची_लेक

भाऊबीजेला लगेच नका येऊ. त्या आठवड्यात पुणे-मुंबईची सगळी गर्दी अलिबाग-काशीदला असते, खोल्यांचे भाव दुप्पट आणि रस्त्यावर गाड्यांची रांग. त्रिपुरी पौर्णिमेनंतर या. गुजरातमध्ये शाळा तेव्हा उघडत असतील, दोन दिवस बुडतील, पण ९ आणि ५ वर्षांच्या मुलांचं काही अडत नाही. ऑक्टोबर हीटही संपलेली असते, गवत अजून हिरवट असतं आणि सकाळी सातला चालायला लागलं की गारवा मिळतो. मार्चनंतर मात्र आमच्याकडचा दमटपणा बडोद्याच्या माणसाला झेपत नाही, तुमचं ऊन कोरडं असतं, कोकणात घाम वाळतच नाही आणि मुलं लगेच गळून जातात.

आता तासाभराचं चालणं. कुलाबा किल्ला! अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. वेळ काढायची आमच्याकडची जुनी रीत सांगते, माझे आजोबा अशीच काढायचे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल त्या वाजता भरती पूर्ण असते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाला येते, तेव्हा पोरं झोपलेली नाहीतर अंधार पडायला आलेला. अष्टमीला ओहोटी भरदुपारी येते आणि पाणी फारसं मागेही जात नाही. म्हणून तृतीया-चतुर्थी सगळ्यात सोयीची, सकाळी साडेआठ ते सव्वानऊ, ऊन कमी आणि वाळू भरपूर उघडी. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा, आणि अंदाजाचाच, जायच्या दिवशी भरतीचा तक्ता बघून आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच पाण्यात पाऊल टाका. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी परत भरायला लागायच्या आत किनाऱ्यावर यायचं. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीर. पौर्णिमेनंतरची चतुर्थी म्हणजे संकष्टी, सासूबाई करत असतील तर त्या दिवशी गणपतीचं दर्शनही होईल.

वाळू ओली आणि घट्ट असते, गुडघ्याला त्रास नाही. मधे खडक आणि शेवाळ आहे तिथे हात धरा. दमलं माणूस तर घोडागाडीसुद्धा असते.

भटका_बडोदेकर

यात कोर्लई घाला. रेवदंड्याच्या पुढे, मुरुडच्या वाटेवरच लागतं. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे लांबट डोंगराची सोंड पाण्यात घुसलीय, तिच्यावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि खाली दीपगृह. दीपगृहापाशी गाडी जाते, तिथून पायऱ्यांनी थोडंसंच चढायचं, आणि वर तटावरून दोन्ही बाजूंना पाणी. सासूबाई दीपगृहापाशी बसू शकतात, तिथूनही समुद्र छान दिसतो. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजमधून आलेली त्यांची स्वतःची भाषा घरात बोलतात, कितीशे वर्षं झाली पोर्तुगीज जाऊन आणि भाषा राहिली, मला हे फार मोठं वाटतं.

बिबट्याबद्दल, आहे, आणि जांबुघोड्यातही आहे की, तिथे तुम्ही पोरांना नेताच. दिवसा, चार-पाच माणसं बोलत चाललीत तर तो तुमच्या आधी निघून जातो. दोन गोष्टी पाळा. छोट्याला पुढे किंवा मागे एकटं धावू द्यायचं नाही, मोठ्यांच्या मधे ठेवायचं, आणि उजेड कमी व्हायच्या आत बाहेर यायचं. सासूबाईंना सांगा की त्या ठिकाणी रोज गावातल्या बायका ये-जा करतात.

गोत्री_डॉक्टरीण

पोरांची डॉक्टर म्हणून थोडं, कारण याबद्दल कुणी लिहिलं नाही. पावसाळ्यानंतरच्या कोकणी जंगलात बिबट्यापेक्षा खाजकुयलीची काळजी करा. वेल असतो, शेंगांवर मखमलीसारखी सोनेरी-तपकिरी लव, आणि मुलांना ती हात लावावीशी वाटतेच इतकी मऊ दिसते. हात लागला की भयंकर खाज, आणि खाजवलं की पसरते. गाइडला पहिल्याच दहा मिनिटांत दाखवायला सांगा आणि मुलांना ओळखायला शिकवा. लागलीच तर चोळायचं नाही, सेलोटेप चिकटवून ओढायची म्हणजे केस निघतात, मग पाण्याने धुवायचं. कपडे बदलायचे. टेपचं रिळ बॅगेत ठेवा, काही वजन नाही त्याला.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे पँटच्या वर. परत आल्यावर आंघोळ घालताना कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघायची. पाणी प्रत्येकाचं वेगळं, मुलांची बाटली मुलांच्याच पाठीवर, तहान लागली की ती मागत नाहीत, खेळत राहतात आणि मग एकदम चिडचिड सुरू होते, ती चिडचिड म्हणजेच तहान असं समजा. खायला थेपले, चिक्की, संत्री. लीलो चिवडो नेऊ नका, तिखट-मीठ खाऊन तहान वाढते, संध्याकाळी खोलीवर खा.

५ वर्षांच्या मुलाला सपाट वाटेवर दोन-तीन किलोमीटर आरामात जमतात, जाऊन येऊन मिळून. परतीची वेळ आधी ठरवा, पाणवठा आला नाही तरी नऊ वाजता मागे फिरायचं, असं काहीतरी. मूल दमल्यावर ठरवायला गेलं तर उशीर झालेला असतो.

दांडियाबाजारचे_काका

गाडीबद्दल राहिलं. बडोदा ते मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटर आणि पुढे मुंबई पार करायची, पोरांना घेऊन एका दमात ते करू नये असं माझं स्पष्ट मत. रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरा, टॅक्सीने गेटवे, तिथून लाँचने मांडवा, पाऊण-एक तास, पोरांना बोटीचीच मजा वाटते. मांडव्याहून अलिबागला बस मिळते आणि पुढे दोन दिवसांसाठी गाडी ठरवा, रेवदंडा, काशीद, मुरुड, सुपेगाव सगळं त्यातच. स्वतःचीच गाडी हवी असेल तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे, २०२० पासून, गाडीसकट मांडव्याला उतरवते, बुकिंग मात्र आधी करा.

सलाटवाड्याची_सून

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. संकष्टी आणि कुलाब्याचं ऐकल्यावर त्यांनी स्वतः कॅलेंडर काढलं आणि बिबट्याचा विषय संपला. मुलीने तिथीचा हिशोब वहीत लिहून घेतलाय आणि घरातल्या सगळ्यांना वेळा काढून सांगतेय. तर असं ठरतंय, तृतीयेला पोचायचं आणि आराम, चतुर्थीला सकाळी कुलाबा आणि जाता जाता कोर्लई, मुक्काम काशीद, पंचमीला सकाळी सातला फणसाड, षष्ठीला परत. ट्रेननेच. दोन शेवटचे प्रश्न, काशीदला पोरांना पाण्यात खेळू द्यावं का, आणि व्हेज जेवणाचं काय?

मुरुडची_लेक

चतुर्थीला कोर्लईला पायऱ्या चढायचा विचार सासूबाईंसाठी सोडून द्या, उपासात उन्हात नको, त्यांनी दीपगृहापाशीच थांबावं. बाकी प्लॅन एकदम बरोबर.

काशीदच्या पाण्यात घोट्याच्या वर नाही. किनारा पांढरा आणि सुंदर आहे पण आत ओढ फार आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. मुरुडलाही तसंच, २०१६ मध्ये पुण्याहून कॉलेजच्या सहलीला आलेली मुलं तिथे बुडाली, आमच्या गावाने ते बघितलंय. त्यामुळे हे मी जीव तोडून सांगते, ओहोटी चालू असताना पोरांना पाण्यात सोडू नका आणि तुमच्यापैकी एकाने कायम त्यांच्या समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. वाळूत किल्ले करू द्या, शिंपले बघू द्या, त्यातच त्यांची संध्याकाळ जाते.

व्हेज मिळतं, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी मागा. संकष्टीच्या रात्री चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक हवे असतील तर तेही सकाळीच सांगा, ऐनवेळी पीठ उकडून देत नाहीत. राहायची जागा मुरुडच्या बाजूला घेतलीत तर सुपेगाव आणि जंजिऱ्याची बोट दोन्ही जवळ पडेल. खोली बघताना खालच्या मजल्यावरची मागा, सासूबाईंसाठी.